स्वयंपाक न करण्याची दहा वर्षं

केल्सी होल्टरमन आमच्या सरकारी शाळेच्या जेवणघरात कामाला आली ती सात सुऱ्या घेऊन. मी तिथली मुख्य. बावीस वर्षं झाली होती, पण सुरीवाचून माझं काही अडलं नव्हतं.

"अगं, इथे कात्री लागते," मी म्हटलं. "गोठलेल्या चिकनची पिशवी कापायची, ट्रे भट्टीत सारायचा, तीनशे पोरं जेवली की घरी जायचं."

"चालेल, लॉरेटाबाई."

त्यात चालण्यासारखं काय होतं ते मला पुढे कळलं. पोरीने कोलंबसच्या एका पाककला संस्थेत चौदा महिन्यांचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र एक, कर्ज बावीस हजार डॉलर. हॉटेलात ताशी अकरा डॉलर मिळायचे. त्यात खोलीचं भाडं भागेना, तर हप्ता कुठला? पण सरकारचा नियम असा, की दहा वर्षं सरकारी नोकरी करा, मिळकतीला झेपेल तेवढा हप्ता न चुकता भरा, उरलेलं माफ. म्हणजे स्वयंपाक शिकायला काढलेल्या कर्जातून सुटायचं, तर दहा वर्षं पिशव्या कापायच्या. हा नियम काढणाऱ्याला आमच्याकडचं जेवण रोज वाढावं असं मला फार वाटायचं.

चौथ्या वर्षी चर्चच्या जेवणात तिने चिकन-नूडल्स केले. नदीकाठच्या हॉटेलचा मालक डेल हफमन दोनदा मागून जेवला.

"उद्यापासून माझ्याकडे ये," तो म्हणाला.

"सहा वर्षांनी येते."

त्याला थट्टा वाटली. मीही हसले. आता त्याची लाज वाटते.

हप्ता इतका बारका, की व्याजसुद्धा फिटत नव्हतं. बावीसचे सत्तावीस हजार झाले. अखेर यंदा वसंतात पत्र आलं: सगळं माफ. आम्ही केक कापला, गोठवलेलाच. केल्सीने राजीनामा दिला आणि नवा शर्ट घालून डेलच्या हॉटेलात गेली.

दोन आठवड्यांनी ती माझ्या दारात उभी.

"डेलने हॉटेल विकलंय. नवा मालक म्हणाला, शाळेत दहा वर्षं केलंस तो स्वयंपाक नव्हे."

"आणि तुझं प्रमाणपत्र?"

"ती संस्था केव्हाच बंद पडली. हल्लीचं काहीतरी घेऊन ये म्हणाला."

"मग?"

"आपल्या कॉलेजात आहे ना, नऊ महिन्यांचा कोर्स. संध्याकाळचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "या खेपेला कर्ज फक्त अकरा हजारांचं आहे."

"सही करू नकोस, केल्सी."

"सही केली, लॉरेटाबाई. मला स्वयंपाक करायचाय हो."

मला रडू आलं, रागही आला. दोन्ही गिळले आणि सोमवारच्या पाळीत तिचं नाव परत लिहिलं.