ऑइल पेंटचा सुविचार

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि आज माझं डोकं चांगलंच तापलं आहे. शांतपणे सांगणं मला जमणार नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

भनपुरीच्या मारोती सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. रायपूरच्या चौबे कॉलनीत मराठी वाचनालय आहे. त्याच्या व्हरांड्यात मला साखळीने टांगलं. रेल्वेतून निवृत्त झालेले यज्ञेश्वरकाका रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसत आणि कुण्या थोर माणसाचं एक वाक्य वरच्या अर्ध्या भागात लिहीत. खालचा अर्धा भाग कोरा सोडत. वाचणाऱ्याने संध्याकाळपर्यंत तिथे स्वतःचं काहीतरी लिहावं, असा त्यांचा नियम होता.

बहुतेक लोक नुसती मान डोलावून जात. लिहायची ती एकटी विमला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती हजेरी कारकून होती. घर मराठी, पण शाळा सगळी हिंदीत झालेली. मराठी लिहायला ती माझ्यासमोरच शिकली. सकाळी वाक्य उतरवून घ्यायची, बसमध्ये त्यावर वहीत पानभर लिहायची आणि संध्याकाळी त्यातली एक ओळ माझ्यावर लिहून जायची. अशा तिच्या चार वह्या भरल्या. मला त्याचा केवढा अभिमान होता!

मग नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली. जो तो रंगरंगोटीच्या मागे लागला. वाचनालयातही मोठे पाहुणे येणार होते. काका तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले होते. तेवढ्यात सचिव गंगाधररावांनी पेंटर बोलावला आणि माझ्यावर पिवळ्या ऑइल पेंटने कायमचं लिहून घेतलं, ‘रोज काही नवे लिहा.’ खालच्या कोऱ्या जागेत फुलांची वेल आणि समितीतल्या अकरा जणांची नावं आली. नावं सुविचारापेक्षा मोठी!

अहो, रोज नवं लिहा म्हणता आणि लिहायची जागाच बुजवता? पाहुणे आले, हार घालून घेतले, चहा पिऊन गेले. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

विमला मात्र येत राहिली. पहिल्या दिवशी तिने ते वाक्य उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशीही थांबली. नवव्या दिवशी ती न थांबता सरळ बसकडे गेली. वही पिशवीतच राहिली. मला ओरडावंसं वाटलं, पण मी पडलो फळा.

तीन आठवड्यांनी काळा चष्मा लावून काका परतले.

“काका, आता रोज पुसाची झंझटच नाही,” गंगाधरराव खुशीत म्हणाले. “पक्का ऑइल पेंट आहे, दहा वर्षं पाहाचं काम नाही.”

“काहून रंगवलं रे?” काकांचा आवाज चढला. “वाक्य का पूजेले ठेवतात? त्याच्याशी रोज भांडा लागते, तवा कुठी माणूस लिहिते!”

तेवढ्यात रस्त्याने जाणारी विमला दिसली. काकांनी हाक मारली, “पोरी, वही कुठी आहे तुही?”

“बंद है काका,” ती खाली बघत म्हणाली. “रोज तेच वाक्य. मी काय लिहू?”

काका माझ्याजवळ आले. त्यांनी माझी एक बाजू धरली, तिला दुसरी धरायला लावली आणि दोघांनी मला फिरवून, तोंड भिंतीकडे करून टांगलं. माझी पाठ खरबरीत, कोळ्याच्या जाळ्यांनी भरलेली. काकांनी ती फडक्याने पुसली आणि खडू विमलाच्या हातात दिला.

“तीन आठवडे डोळ्याले पट्टी होती. माह्याजवळ आज कोणाचंच वाक्य नाही. तू लिही.”

तिने लिहिलं, ‘वाचलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं, तरच ते माझं होतं.’ खाली कुण्या थोर माणसाचं नाव नव्हतं. तिथे ‘विमला’ असं होतं.

ती अकरा नावं आता भिंत वाचते. मित्रांनो, थोरांची वाक्यं जरूर लिहा, पण त्यांच्याखाली तुमच्यासाठी जागा सोडा. आणि हात जोडून सांगतो, फळ्याला ऑइल पेंट लावू नका!

त्या दिवशी काकांनी डोळे बारीक करून तिची ओळ दोनदा वाचली आणि खाली लिहिलं, ‘मले पटत नाही.’

विमला हसली आणि तिने पिशवीतून वही काढली.