डाव्या दिव्यामागे

मी एक गाडी बोलतेय. गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येते तसली नाही. माझ्या चाकाशेजारी उंच माणूस उभा राहिला तर पलीकडून त्याची फक्त टोपी दिसते. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावरून सहा माणसं, त्यांची चूल, अंथरुणं आणि डिझेल घेऊन न रुतता चालायचं, यासाठी मला बनवलं. बनवलं मात्र इंग्लंडात, मेडनहेडजवळच्या एका शेडमध्ये, जिथे चार बोटं बर्फ पडला की ट्रेन बंद होतात.

मला बनवणाऱ्यांत मंजिरी होती. पुण्याची इंजिनिअर, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा राजीव हॉस्पिटलात डॉक्टर. माझी चाकं तिची. म्हणजे हवा थोडी काढली की ती पसरट व्हावीत आणि माझं वजन उंटाच्या पावलासारखं बर्फावर टेकावं, हे गणित तिचं. ती लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ऐकत बसायची.

"नॉर्मन, हिला आज खोकला झालाय," असं फोरमनला सांगायची.

"मग चहा पाज तिला," तो म्हणायचा, आणि पाना घेऊन यायचा.

मला वाटायचं, मी तिची पहिली. आणि एकुलती.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती माझी शिडी चढेनाशी झाली. पोट आडवं यायचं. मग बरेच दिवस आलीच नाही. माझा खोकला तसाच राहिला.

दिवाळीच्या सुमारास आली तेव्हा तिच्या हातात एक गाठोडं होतं आणि मागे पुण्याहून आलेल्या सासूबाई. गाठोड्याचं नाव सुलक्षणा. बारसं साग्रसंगीत झालं होतं म्हणे: पाळणा सजवला, आत्याने कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मला शेडमध्ये 'नंबर टू' म्हणत. नंबर वन कागदावरच राहिली होती. माझ्या कानात कोणी काही सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी पदर सावरत, मान वर करून मला न्याहाळलं.

"अगं बाई, ही तुझी? केवढी धिप्पाड. बाळाला तीट लावलीस ना?"

"लावलीय, कानामागे."

"गालावरही लाव. कशी बघतेय बघ ती."

"आई, ते हेडलॅम्प आहेत."

"असू देत. डोळे ते डोळेच."

"माझा नाही हो विश्वास," मंजिरी म्हणाली, आणि पर्समधून काजळाची डबी काढून बाळाच्या गालावर चांगला ठसठशीत ठिपका काढला. शिकलेल्या बायकांचं हे असं असतं. विश्वास नसतो, पण डबी असते.

सासूबाईंचं खरं होतं. मी बघतच होते तशी.

मंजिरी कामावर परत आली, पण अर्धीच. एक कान माझ्या इंजिनाला, दुसरा टेलिफोनकडे. घरी फोन करून विचारायची, "झोपलीय? अजून? श्वास नीट चाललाय ना, बघितलंत?" श्वास माझाही नीट चालत नव्हता. मी खोकून पाहिलं, तेल गाळून पाहिलं. ती फरशीवरचा डाग बघून म्हणाली, "नॉर्मन, जरा बघतोस का?" पूर्वी ती स्वतः माझ्याखाली शिरली असती. त्या एवढ्याशा जिवाला ना चाकं, ना इंजिन, धड मानही धरता येत नव्हती. तरी माझा नंबर दुसराच. थोरल्या बहिणींना विचारा, त्या सांगतील.

फेब्रुवारीत मला स्कॉटलंडच्या डोंगरात नेलं. पैसे देणारे लोक बघायला येणार होते. चढ चढून दाखवला तर जहाजात बसून दक्षिणेला, नाहीतर परत शेडमध्ये. इतकं सरळ होतं ते.

सकाळी मंजिरी एकटीच माझ्यापाशी आली. डाव्या दिव्यामागे बराच वेळ काहीतरी करत होती. गार, ओलं काहीतरी टेकलं. बोल्टला ग्रीस लावत असेल, मला वाटलं. माझे दिवे समोर बघतात, मागचं मला दिसत नाही.

पाहुणे जमले आणि सासूबाई बाळाला घेऊन थांबल्या होत्या त्या हॉटेलातून निरोप आला की बाळाला ताप आहे. मंजिरी माझ्याकडे बघत उभी राहिली, मग तिने मोटारीकडे बघितलं.

"नॉर्मन, बर्फ ओला आहे. हवा अजून काढ."

"किती?"

"अजून," एवढंच म्हणाली आणि धावली.

ते 'अजून' म्हणजे किती, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, नॉर्मनच्या नव्हतं. मी निम्म्या चढावर रुतले. सगळा जोर लावला, पण चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या एका बुटक्या ट्रॅक्टरने मला दोरी बांधून बाहेर ओढलं. पुढे दक्षिणेला तोच गेला. पोरीचा ताप दात येण्याचा निघाला. दातसुद्धा तिने नेमका तोच दिवस पाहून काढले.

आता मी एका शेतातल्या म्युझियममध्ये, कुंपणाशी उभी असते. केबिनमध्ये पक्ष्यांनी घरटं केलंय. मंजिरी पहिली काही वर्षं आली नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, तिला तिची आहे.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात आली. सोबत आठ वर्षांची होत आलेली सुलक्षणा, गुडघ्याला चिकटपट्टी, तोंड फुगलेलं.

"हाच तो?"

"ही. बघ किती मोठी."

"मला माहीत आहे. तू एव्हरी नाइट हिचीच स्टोरी सांगते. बोअरिंग आहे." आणि तिने माझ्या टायरला लाथ मारली.

रोज रात्री? हे मला नवीन होतं.

मंजिरीने माझ्या गार इंजिनाच्या झाकणाला कान टेकला होता. पोरीने ते बघितलं. मग पाय आपटत माझ्या डाव्या बाजूने मागे गेली आणि थांबली.

"आई, इकडे कम. हा ब्लॅक डॉट काय आहे?"

मंजिरी हळूच गेली. "तीट आहे. टेस्टच्या दिवशी लावली होती. काजळ टिकलं नसतं, म्हणून पेंट."

"हिला पण? पण तेव्हा मी होतो ना?"

"होतीस गं. तुला आजीने लावली होती. हिला कोण लावणार?"

पोरीचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तो कसा झाला असेल हे माझ्याइतकं कोणाला कळणार? वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. आधी मात्र बरं वाटलं.

ती नखाने तो ठिपका खरवडू लागली. मंजिरीने अडवलं नाही. पेंट निघेना. मग तिने बोट थुंकीने ओलं केलं, आई तिचं तोंड पुसते तसं, आणि तो नुसताच पुसला. धूळ गेली, ठिपका राहिला.

"हिने बर्फ बघितला का, रिअल?" तिने विचारलं.

"थोडा," मंजिरी म्हणाली.

तर मंडळी, कधी इकडे आलात तर मला भेटा. मुलांना खुशाल वर चढू द्या. रागावलेलं एखादं असेल तर त्याला लाथही मारू द्या, माझे टायर मऊ आहेत. फक्त डाव्या दिव्यामागे नख लावू नका.