पाठमोरे

नगराध्यक्षांनी कोट काढला, दोनदा झटकला आणि दाराजवळच्या पहिल्या खुंटीवर टांगला. ती खुंटी त्यांची आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण तिला दुसऱ्या कुणाचा हातही लागत नसे. सभागृहात हीटर बसल्यापासून कोट बाहेर काढून आत जायची पद्धत पडली होती आणि गावातला मान तेव्हापासून खुंट्यांवर टांगलेला असे. दुसरी खुंटी बेकरीवाल्याची, तिसरी हेडमास्तरांची, आणि मग उतरत उतरत भिंत संपेपर्यंत बाकीचं गाव.

“या ताई, या,” शिंपीण दारात दिसली तसे ते पुढं झाले. “एकट्याच? मिस्टर नाही आले?”

“नाही. म्हणाले, तू बघून ये. मला अर्धाच दिसेल.”

नगराध्यक्ष हसायला गेले, मध्येच सावरले आणि खोकले. दुकानाची काच फुटून शिंप्याचा डोळा गेला, ती संध्याकाळ गेल्या हिवाळ्यातली. तेव्हापासून नवरा-बायको शहरात, तिच्या बहिणीच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होते. त्या खोलीत शिलाई मशीन मावत नव्हतं. सकाळी शिंप्यानं बायकोचा स्कार्फ स्वतः इस्त्री केला होता, एका डोळ्याच्या अंदाजानं, आणि एक कोपरा जाळला होता. “किल्ली घेऊन ये,” एवढंच तो म्हणाला होता. तिनं जळका कोपरा आत दुमडून स्कार्फ बांधला होता.

दुकानाची काच नगरपालिकेनं नवी बसवली होती. किल्ली नगराध्यक्षांच्या खिशात होती. गावावर काढलेला पिक्चर आज सभागृहात दाखवायचा होता; तो झाला की ते ती समारंभानं देणार होते आणि ते चित्रण पिक्चरला शेवटचं दृश्य म्हणून जोडलं जाणार होतं.

“कोट अजून हाच घालता, भाऊ?”

“दुसरा अंगाला लागतच नाही. तुम्ही सवय बिघडवून ठेवलीय.”

भाऊंचं अंग सुटलं तेव्हा तिनं तो कोट दोन्ही बगलांखाली उसवून आत पट्ट्या घातल्या होत्या. मूळ कापड मिळालं नव्हतं, म्हणून एक छटा गडद. “हात वर नेलात तरच दिसेल,” तिनं बजावलं होतं. “मला हात वर करायची वेळ ठरावालाच येते,” ते म्हणाले होते, आणि स्वतःच्या या विनोदावर इतके खूश झाले होते की पुढचा आठवडाभर गाव तो ऐकत होतं.

तिनं स्वतःचा कोट खुंटीवर टांगला नाही. घडी करून मांडीवर घेतला आणि पुढच्या रांगेत, तिच्यासाठी राखलेल्या खुर्चीवर बसली.

दिग्दर्शिका शहरातली होती. गळ्याभोवती जाड मफलर, आणि कुणी काही सांगू लागलं की डोळे मिटून मान हलवायची सवय. गावाला ती फार आवडली होती. आपलं खोटं इतक्या आदरानं ऐकणारं माणूस कुणाला आवडणार नाही?

“तुमच्यासारख्या साध्या माणसांनी मला खूप शिकवलं,” ती म्हणाली. साध्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. खिडक्यांवरचे काळे पडदे ओढले गेले आणि भर दुपारी अंधार झाला.

पिक्चर कुंपणवाल्यांवर होता. गावानं त्यांना दिलेलं हे नाव. बंद पडलेल्या गिरणीमागची रिकामी घरं त्यांनी एकेक करून विकत घेतली आणि सगळ्यात आधी भोवती कुंपण घातलं. एकसारखी काळी जॅकेटं, एकसारखे कापलेले केस. इथं फक्त इथल्यांनीच राहावं, असं त्यांचं म्हणणं. स्वतः ते कुठून आले हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. कसं सुचणार? त्यांनी रस्ते झाडले, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलल्या, शाळेची भिंत फुकटात रंगवली. गावाला वळण लावणारी माणसं आली, असं म्हणत गाव त्यांच्याकडे कौतुकानं बघत होतं. नंतर तीच मंडळी दारोदार जाऊन विचारू लागली, शेजारी कोण राहतं, मूळचं कुठलं. गावानं तीही माहिती चहा पाजून दिली, शिंपी मूळचा इथला नाही हीसुद्धा.

ही चहा पाजल्याची गोष्ट पडद्यावर मात्र नव्हती. पडद्यावर बेकरीवाला सांगत होता, “आम्ही पहिल्या दिवसापासून विरोध केला.” पहिल्या दिवशी त्यानं गरम पावांची टोपली पाठवली होती, वर रुमाल झाकून. हेडमास्तर सांगत होते, “मी पालकांना सावध केलं.” सावध केलेल्या पालकांत त्यांचे दोन्ही भाऊ नसावेत, कारण पुतणे कुंपणाआडच्या व्यायामशाळेतून दंड फुगवूनच बाहेर पडले होते. मग नगराध्यक्ष आले, तोंड थोडं वर धरून. “हे बाहेरून आलेलं विष होतं. आमच्या मातीतलं नव्हे.” सभागृहातल्या नगराध्यक्षांनीही त्याच वाक्याला तोंड तेवढंच वर धरलं.

मग आवाज बंद झाला. समोरच्या बँकेच्या कॅमेऱ्यातलं चित्र आलं. हे आजवर फक्त जिल्ह्याच्या पोलिसांनी पाहिलं होतं आणि ते गावाला परके होते. तिन्हीसांजेची वेळ, दिवा लागलेली दुकानाची काच, काचेवर उभ्यानं इस्त्री करणाऱ्या माणसाची सावली. रस्त्यावर पाच जण, कपाळापासून हनुवटीपर्यंत फडकी बांधलेले, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

“पाचांपैकी दोघांनाच शिक्षा झाली,” दिग्दर्शिकेचा आवाज म्हणाला. “बाहेरून आलेले बाकीचे तिघं कोण, ते कधीच कळलं नाही.”

या गावात तोंड बघून माणूस ओळखायची गरज कधी पडलीच नव्हती. रस्ते अरुंद, माणसं एकामागोमाग एक चालायची. बेकरीच्या रांगेत समोर पाठ, सभेत समोर पाठ. जन्मभर एकमेकांच्या पाठी बघत जगलेल्या या लोकांनी पाप करायला निघताना तोंडं तेवढी झाकली होती. पाचांतल्या दोघांच्या अंगात तयार घेतलेली काळी जॅकेटं होती. तिघांचे कोट बेतून शिवलेले होते.

“अगं, हा आपलाच ना?” बेकरीवाल्याच्या आईनं सुनेला विचारलं. म्हातारीला ऐकू कमी यायचं, त्यामुळं तिचं कुजबुजणं मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

“कोण आई?”

“तो कडेचा. पाय ओढतोय बघ. सांगत होते त्याला, ते बूट टाकून दे.”

“आई, तुम्ही पिक्चर बघा.”

“पिक्चरच बघतेय की.”

पडद्यावर मधल्या माणसानं हात वर केला. कोट खांद्यापासून ताणला गेला आणि बगलेखाली एक पट्टी उघडी पडली, एक छटा गडद. काच फुटली. आवाज नव्हताच, सावली फक्त खाली बसली.

शिंपिणीनं मांडीवरच्या कोटाचं बटण धरलं आणि सोडलं.

कुणी कुणाकडे बघितलं नाही. समोर बघावं तर पडदा, पडद्याच्या अलीकडे ओळखीच्या पाठी. म्हणून लोकांनी आपापले बूट बघितले. हेडमास्तरांनी आपले इतके लक्षपूर्वक बघितले की जणू कुणी त्यांना तपासायला दिले होते. उरलेला पिक्चर असाच खाली मान घालून संपला. दिवे लागले. कुणीतरी टाळी वाजवली आणि सुटका झाल्यासारखे सगळेच वाजवू लागले.

“ही शांतता,” दिग्दर्शिका डोळ्यांच्या कडा टिपत म्हणाली, “मी कुठल्याच गावात अनुभवली नव्हती.”

नगराध्यक्षांनी भाषण लहान केलं. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. किल्ली पुढं करताना ते शिंपिणीच्या स्कार्फकडे बघत होते.

“आपलंच गाव आहे, ताई. या परत.”

तिनं किल्ली घेतली.

“सुंदर,” दिग्दर्शिका म्हणाली. “आता सगळे मिळून दुकानापर्यंत चालत जाऊ. ताई कुलूप उघडतील, तुम्ही मागं उभे राहा. मी आधी जाऊन कॅमेरा लावते. कोट घाला हं सगळे, बाहेर फार गार आहे.”

ती गेली. माणसं दाराशी आली आणि थबकली. खुंट्यांवर कोट रांगेनं टांगलेले होते, पाठी बाहेर करून.

“मला काही एवढी थंडी नाही वाटत,” बेकरीवाला म्हणाला आणि नुसत्या स्वेटरवर बाहेर पडला, पाय न ओढण्याचा प्रयत्न करत. त्यामुळं तो जास्तच ओढला जात होता. “हो, ऊन आहे तसं,” हेडमास्तर म्हणाले. ऊन नव्हतं. मग बाकीचेही निघाले. ज्यांचा त्या संध्याकाळशी काही संबंध नव्हता, त्यांनीसुद्धा कोटांना हात लावला नाही. एकट्यानंच कोट घातला तर कसं दिसेल, ही काळजी या गावाला इतर सगळ्या काळज्यांपेक्षा मोठी होती.

नगराध्यक्ष शेवटी राहिले. शिंपिणीनं पहिल्या खुंटीवरचा कोट काढला आणि त्यांच्या मागं उघडून धरला, बाह्या त्यांच्या हातांच्या उंचीवर. गिऱ्हाइकाला माप बघायला कोट चढवताना ती नेहमी धरायची, तसाच.

“भाऊ, कोट.”

ते वळले नाहीत. त्यांचा उजवा हात थोडा मागं आला आणि तिथंच राहिला.

“राहू दे,” ते म्हणाले. “इथंच तर जायचंय.”

ते पायऱ्या उतरून गेले. पांढऱ्या शर्टातली ती रुंद पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं कोट पुन्हा खुंटीवर लावला, खांदे सारखे केले, वरचं बटण घातलं. डावीकडून आत हात घालून तिनं आतला खिसा चाचपला. भाऊ वस्तू हरवतात म्हणून तो तिनंच मुद्दाम खोल शिवला होता. तिनं किल्ली त्यात सोडली; ती तळापर्यंत गेली.

मग तिनं स्वतःचा कोट अंगात चढवला, स्कार्फचा जळका कोपरा बाहेर काढून नीट बांधला आणि बस स्टँडच्या दिशेनं चालू लागली. मागून दिग्दर्शिकेचा आवाज आला, सगळ्यांना जरा जवळ जवळ उभं राहायला सांगणारा.