नासपतीचा डाग

मित्रांनो, मी एक जुना, मिटून खिशात ठेवायचा चाकू आहे. जुना म्हणजे किती, ते मला मोजता येत नाही. धार लावून लावून माझे पाते मूळच्या निम्मे राहिले आहे, एवढेच सांगतो. चाकूचे निम्मे आयुष्य मिटून राहण्यात जाते, त्यामुळे मला बोलायची सवय नाही. थोडे पुढेमागे झाले तर सांभाळून घ्या.

ज्याने मला घडवले तो कारागीर हातोड्याच्या आवाजाने ठार बहिरा झाला होता. पाते नीट मिटते की नाही हे त्याला कानाने कळत नसे. म्हणून तो माझी मूठ दातांत धरून मला उघडायचा आणि मिटायचा. मिटतानाचा ‘टक्’ दाताला जाणवला, की मान हलवायचा. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे. माझे पोलाद मात्र चकचकीत राहणाऱ्या जातीचे नाही. त्याला धार अशी चढते की केस उभा चिरावा, पण फळाचा रस लागला की ते निळे पडते आणि ओल राहिली की गंजते. ज्याचा गुण मोठा त्याचे नखरेही मोठे, असे तो कारागीर म्हणायचा.

मी महाग होतो. दुकानाच्या काचेच्या कपाटात माझ्याकडे बघून माणसे किंमत विचारत आणि पुढे जात. एक बाई मात्र तीनदा येऊन बघून गेली आणि चौथ्यांदा आली ती मला घेऊनच गेली. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. दुकानदाराने माझ्याबरोबर एक चामड्याचे पाकीट फुकट दिले. “एवढा महागाचा चाकू, बाई, उघडा फिरवू नका,” तो म्हणाला.

तिचा नवरा एका रोपवाटिकेत कलमे बांधायचा. नव्या माणसाला काम शिकवायचे ते त्यानेच, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने मला हातात घेतले, उलटेपालटे केले आणि घाबरून म्हणाला, “अगं, हा काय वापरायचा चाकू आहे?”

“मग काय हुंगायचा आहे?” बाई म्हणाली.

मास्तरांनी मला खिशात ठेवले आणि काम आपल्या जुन्याच चाकूने चालू ठेवले. त्या चाकूची मूठ तुटलेली होती आणि तिला सुतळी गुंडाळलेली होती, म्हणून त्याचे नाव सुतळ्या. महिनाभर मी खिशात बसून सुतळ्याची करकर ऐकत होतो. रोपवाटिकेतली माणसे थट्टा करत. “मास्तर, तुमच्या खिशात जावई बसलाय. काम सांगायचं नाही, नुसता मान द्यायचा!” मास्तर ओशाळून हसत. खरे सांगायचे तर मलाही बरे वाटत होते. अंगावर ओरखडा नाही, डाग नाही. यालाच सुख म्हणत असावेत, असे मला तेव्हा वाटले.

एका दुपारी बाई जेवणाचा डबा द्यायला आली आणि तिने हे बघितले. तिने सरळ मास्तरांच्या खिशात हात घातला, मला बाहेर काढले आणि माझ्या मुठीवर नखाने तीनदा वाजवले. दारावर वाजवावे तसे.

“जागा आहेस का रे?” तिने मला विचारले.

मग मला उघडून तिने शेजारच्या खताच्या पोत्याची शिवण सरसर कापत नेली. शिवणीत एक खडा अडकला होता. तो माझ्या पात्यावर फिरला आणि पहिला ओरखडा उमटला. मास्तरांनी डोळेच मिटून घेतले.

“घ्या,” बाई म्हणाली. “गेला नवेपणा. आता तरी वापरा.”

त्या दिवसापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. मित्रांनो, कलम म्हणजे काय, तर एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बसवायची. दोन्हींचे काप एकमेकांना चिकटून बसले तर एक झाड होते. काप खरबरीत झाला तर दोन्ही सुकतात. मास्तर नव्या माणसांना सांगायचे, “काप एका ओढीत झाला पाहिजे. दोनदा चाकू फिरवलात, तर झाडाला दोनदा दुखतं.” आणि संध्याकाळी मला पुसून, तेलाचा थेंब सोडून ते आणखी एक गोष्ट सांगायचे. “चाकू पाकिटात झोपवायचा नाही. चामडं ओल धरून ठेवतं.” माझे ते फुकटचे पाकीट घरी टेबलाच्या खणात रिकामेच पडलेले असे.

घराच्या अंगणात नळाजवळ एक रानटी नासपतीचे रोप आपोआप उगवले होते. बाईच्या कारखान्यामागचे नासपतीचे गोड झाड पाडायचे ठरले, तेव्हा ती त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली आणि माझ्याच पात्याने तिने त्या रोपावर स्वतः कलम केले. काप वाकडा झाला. मास्तर बघून म्हणाले, “हे कलम आहे की मोडलेलं हाड?”

“हाडं जुळतात ना? मग हेही जुळेल.”

जुळले. सांध्याच्या जागी गुडघ्यासारखी गाठ आली, पण झाड वाढले. फळे ओबडधोबड, आणि गोड इतकी की मुंग्या आधी यायच्या. दरवर्षी पहिले फळ कापायच्या आधी बाई माझ्या मुठीवर तीनदा वाजवायची. त्यांची लेक लहानपणी टेबलापाशी उभी राहून ते बघायची. मग तीही मोठी झाली, आईबापांसारखी हट्टी झाली आणि स्वतःची रोपवाटिका काढून दुसऱ्या गावी गेली.

आता पुढचे सांगायला मला जरा जड जाते.

बाई आजारी पडली. अंथरुणातून उठेना. एका दुपारी ती म्हणाली, “आपल्या झाडाची नासपती खावीशी वाटते.” मास्तर फळ घेऊन आले आणि पलंगाशेजारी बसले. तिने हात पुढे केला. माझ्या मुठीवर तिचे नख तीनदा वाजले, पण इतके हळू, की मला ते ऐकू येण्याऐवजी नुसते जाणवले. मास्तरांनी चार फोडी केल्या. तिने दोन खाल्ल्या.

“पुसा तो आधी,” ती म्हणाली. “डाग पडेल.”

“पुसतो गं.”

पण तिने त्यांचा हात धरला होता, म्हणून त्यांनी मला तसेच बशीत ठेवले. उरलेल्या दोन फोडींजवळ मी उघडा पडून राहिलो. खिडकीतले ऊन बशीवरून सरकत भिंतीवर गेले. मग खोलीत लोक येऊ लागले, आणि बशीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला उचलले. पात्यावर निळसर डाग पडला होता, फोडीच्याच आकाराचा, चंद्रकोरीसारखा. त्यांनी फडके घेतले, डागाला टेकवले आणि हात मागे घेतला.  मग मला मिटून त्यांनी खणातले पाकीट काढले, माझ्यावर चढवले आणि तिच्या चष्म्याशेजारी मला ठेवून खण लावून टाकला.

पाकीट काय करते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण आपल्या दुःखाला जगाचे नियम लागू नाहीत, असे माणसाला वाटत असावे.

पहिले वर्षभर ते रोज दुपारी खण उघडायचे, मला काढायचे, डाग बघायचे. मग त्यांच्या मनात आले, की उघडझाप करून डाग झिजेल, वाऱ्यानेसुद्धा जाईल. त्यानंतर त्यांनी मला पाकिटातून काढले नाही. दुपारी यायचे, खणावर तळहात ठेवायचे आणि निघून जायचे. अशी आठ वर्षे गेली.

त्या खणात काय होते, ते कसे सांगू? अंधार होता, चामड्याचा दमट वास होता, आणि कोणी घालत नसलेला चष्मा होता. कधी भर दुपारी, घर सुनसान असताना, मला माझ्याच मुठीवर ते तीन ठोके ऐकू यायचे. टिक, टिक, टिक. ‘जागा आहेस का रे?’ मी जागा असायचो, पण उत्तर कसे देणार? मिटलेला चाकू मुका असतो. मग वाटायचे, ती मला विचारत नाही, पुसायची आठवण करून देते आहे. आतून माझे अंग जड होत चालले होते. पाते आणि मूठ यांच्यामध्ये काहीतरी फुगत होते. ते ठोके तिचे, की माझ्यात गंज चढत असतानाचे? मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

मग नासपतीचे झाड बुंध्यापासून कुजू लागले. एका हिवाळ्यात त्याची एकच फांदी जिवंत उरली. लेकीला कळवले तशी ती कुंडीत लावलेला खुंट घेऊन आली. कळी फुटायच्या आत नवे कलम व्हायला हवे होते. त्या फांदीवर जिवंत डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटू शकेल अशा, तीनच काड्या निघाल्या, आणि त्याही आगपेटीतल्या काडीएवढ्या बारीक.

हे सगळे मी खणातून ऐकले. दोघे खणाच्या टेबलावरच काम करत होती.

पहिली काडी लेकीने तिच्या कलमाच्या कात्रीने कापली. कात्रीने ती चिरडली. दुसरी मास्तरांनी सुतळ्याने कापली. तो करकरला आणि साल सोलपटून निघाली. 

“आता एकच उरली,” लेक म्हणाली. “आईचा चाकू कुठंय?”

“तो नाही वापरायचा.”

“बाबा, दुपारपर्यंत ही सुकेल. मग झाडही गेलं आणि काडीही गेली.”

“त्याला धार लावावी लागेल,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. “धार लावली तर डाग जाईल. तिनं शेवटची नासपती खाल्ली, त्याचा डाग आहे त्याच्यावर. तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे.”

लेकीने कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. तिला हे ठाऊकच नव्हते. मग हळूच म्हणाली, “मला दाखवता का? एकदाच?”

खण उघडला आणि उजेड आला. मास्तरांनी मला ओढले, तर मी पाकिटाला चिकटलेला. कसाबसा निघालो, पण पाते उघडेना. त्यांचे बोट घसरू लागले. लेकीने मला घेतले, सांध्यात तेल सोडले आणि गंज सुटावा म्हणून मुठीवर नखाने वाजवले. टिक, टिक, टिक.

मास्तरांनी झटकन तिच्याकडे बघितले. तिचे लक्ष नव्हते. मी उघडलो.

मित्रांनो, माझ्या पात्यावर डाग नव्हता. तांबड्या गंजाचे पुटच्या पुट होते. चंद्रकोर कधीच खाऊन टाकली होती त्याने. मास्तरांनी मला उजेडात धरले, तिरके केले, आपला चष्मा पुसून पुन्हा बघितले.

“तिची खूण मी जपली,” ते म्हणाले, “आणि मीच घालवली.”

“बाबा, तुम्हीच ना सगळ्यांना सांगायचात, चाकू पाकिटात झोपवू नका म्हणून?”

“सांगायला काय लागतं गं.”

लेक हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. “आईनं पहिल्याच महिन्यात पोतं कापून याचं नवेपण घालवलं होतं. हे असं झोपवलेलं बघून तिनं तुम्हाला काय म्हटलं असतं?”

 मास्तरांनी ताटात धार लावायचा दगड ठेवला, पाणी घेतले आणि मला घासायला सुरुवात केली. मला दुखले का? दुखले. आठ वर्षांनी कोणी हात लावला की दुखणारच. तांबडे-काळे पाणी ताटात साचत गेले. शेवटी पाते उजळले, पण त्यावर बारीक खड्डे राहिले. त्या खड्ड्यांत मास्तरांना चंद्रकोर दिसली की नाही, मला ठाऊक नाही. मला दिसली नाही.

काडी अजून ओली होती.  मास्तरांनी कोपर टेबलाला टेकवले, श्वास धरला आणि एका ओढीत काप घेतला. तो पाण्यासारखा गुळगुळीत आला. काडी खुंटात बसवून लेकीने पट्टी बांधली. मग मास्तरांनी ताटातले ते काळे पाणी उचलले आणि कुंडीतल्या मातीत ओतले. थेंबही वाया घालवला नाही. त्यात माझा गंज होता, आणि जो डाग त्यांनी जपला होता तोही त्यातच कुठेतरी होता.

पुढे चाळीस दिवस मी त्यांच्या खिशात होतो. ते रोज कुंडीपाशी जाऊन वाकायचे, आणि त्यांच्या छातीची धडधड खिशातून मला ऐकू यायची. एकेचाळिसाव्या दिवशी ते वाकले आणि वाकूनच राहिले. काडीचा डोळा फुटला होता. तांदळाच्या दाण्याएवढे, हिरवे काहीतरी.

त्या दुपारी त्यांनी बाजारातून एक नासपती आणली. घरात एकटेच टेबलापाशी बसून चार फोडी केल्या. दोन खाल्ल्या आणि दोन बशीत ठेवल्या. माझ्या पात्यावर रस चमकत होता. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितले आणि फडके उचलले.

“पुसतो गं,” ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी खरेच पुसले.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही, उपदेश करायचा मला अधिकारही नाही. पण तुमच्या घरातल्या एखाद्या खणात कोणी प्रेमाने दिलेली वस्तू झोपली असेल, तर तिला बाहेर काढा. तिच्याकडून काम घ्या. ओरखडे पडतील, पडू द्या. फक्त काम झाल्यावर पुसून ठेवा. आम्हाला एवढेच पुरते.

आता मी स्वच्छ आहे, कोरडा आहे, सांध्यात ताजे तेल आहे. गंजाचा कणही माझ्यात उरलेला नाही. तरी कधी भर दुपारी मास्तर खुर्चीत डुलक्या घेत असतात, आणि त्यांच्या खिशात माझ्या मुठीवर तीनदा वाजते. मी जागाच असतो.