नंदीचा डबा

"आई, ह्या डब्याला कशाचा वास यायलाय बघा बरं."

सून महेश्वरीने पत्र्याचा डबा नाकापासून हातभर लांब धरला होता. भागम्मा दुकानाच्या मधोमध पोत्यांच्या ढिगावर बसून कासरे एकीकडे आणि दावी एकीकडे करत होत्या. वीरभद्र आप्पांना जाऊन महिना होत आला होता. ताडकळसच्या बाजारपेठेतलं त्यांचं दोरखंडाचं दुकान आता एका मोबाइलवाल्याला भाड्याने जायचं होतं, आणि त्याआधी आप्पांनी आयुष्यभर साठवलेली अडगळ दोघी सासू-सुना उपसत होत्या. डबा निघाला तो गल्ल्यामागच्या फळीवरून. विभूतीच्या पुड्याच्या अगदी मागून.

महेश्वरीने झाकण उघडलं आणि एक पाऊल मागे सरकली. "अगं बाई! किडे हायत का काय हे? वाळलेले?"

भागम्मांनी डोकावलं. फिकट गुलाबी, बारीक, आकडी पडलेले जीव, आणि प्रत्येकाला काळ्या टिंबाएवढे डोळे. महेश्वरीने असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. घरात मांस-मासळी तर सोडाच, अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं, आणि तिचं माहेरही तसंच लिंगायताचं. पण भागम्मा सोनपेठच्या. गोदावरी जवळ, त्यामुळे लहानपणी गल्लीच्या टोकाच्या अंगणात हे सुपात वाळत पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. तिथून जाताना आई नाकाला पदर लावायला सांगायची. ही सुकट होती. वाळलेले झिंगे.

"जनावराचं औषध हाय," भागम्मा म्हणाल्या. "जंताचं. दे इकडं."

डबा पदराखाली गेला. इतक्या सफाईने खोटं आपल्याला बोलता येतं, याचं त्यांना त्या गडबडीतही नवल वाटलं.

घरी येऊन त्यांनी डबा न्हाणीच्या मागे, सरपणात कोंबून ठेवला. पण मनातून तो काही जाईना. वीरभद्र आप्पा म्हणजे साधा माणूस. दोर विकावेत, उधारीवाल्याला चहा पाजावा, मठात कुणी बोलावलं तर सतरंज्या उचलाव्यात, यापलीकडे त्यांच्याबद्दल कुणाला काही सांगता आलं नसतं. भागम्मांना मात्र सांगण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती त्या मठातल्या बायकांना सांगून सांगून थकत नसत. "आमचे हे दिवसातून दोन बार न्हातात. सकाळी पूजेला आन् सांच्याला पूजेला. थंडी असू द्या, ताप असू द्या. दुकानातून आले की आधी न्हाणी, मग घर." बायका माना डोलावत. एखादीच्या नवऱ्याला एक आंघोळही जड जाई, तिचं तोंड बघण्यासारखं होई.

आणि त्या माणसाच्या गल्ल्यामागे सुकट!

भागम्मांना आता मागचं सगळं उलटंसुलटं दिसू लागलं. बाजाराच्या दिवशी आप्पा दुपारी घटकाभर दुकान बंद करून कुठे जायचे? एकदा सदऱ्याला कसलासा वास आला होता, तेव्हा "नव्या सुतळीचा हाय" म्हणाले होते. सुतळीला असला वास येतो? दुकानातच काही शिजवून खात होते की काय? म्हणून आल्या आल्या आंघोळ? सगळ्यांत जास्त एक गोष्ट त्यांना पोखरत होती. आप्पांना मातीत बसवलं तेव्हा रीतीप्रमाणे गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं. भागम्मांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. रोजच्या पूजेतही ते त्याच तळहातावर असायचं. तो हात खोटा होता? ज्याच्याशी संसार केला तो माणूस दुसराच कुणी होता? हे विचारणार तरी कुणाला? मुलाला विचारलं तर बापाची अब्रू जाते. मठात विचारलं तर गावाला कळतं. त्या सकाळी पूजेला बसत, पण समोरच्या फोटोकडे बघणं टाळत.

एवढ्यात मुलगा शिवकुमार परभणीहून आला आणि त्याने दुसराच विषय काढला. "आई, त्या माशाचं काय करायचं? मोबाइलवाला ठिवून घ्यायला तयार न्हाई. आन् ते खायना बी झालंय."

दुकानाच्या काउंटरवर काचेची टाकी होती आणि तिच्यात तळहाताएवढा, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला एकच मासा होता. शिवकुमारनेच तो हौसेने आणला होता, बोटाएवढा असताना, आणि आठवड्याभरात हौस फिटल्यावर बापाच्या गळ्यात घातला होता. आप्पांनी त्याचं नाव नंदी ठेवलं. का, तर तो दिवसभर काचेला नाक लावून गल्ल्याकडे तोंड करून बसायचा, देवळातल्या नंदीसारखा. गिऱ्हाईक आलं की आप्पा म्हणत, "आधी नंदीला इचारा, मग भाव सांगतो." भागम्मांना तो प्रकार पोरकट वाटायचा. म्हाताऱ्या माणसाने माशाशी काय बोलायचं!

आप्पा गेल्यापासून नंदी खात नव्हता. शिवकुमारने आणलेल्या गोळ्या पाण्यावर तरंगून फुगायच्या. महेश्वरीने कणकेच्या गोळ्या टाकून पाहिल्या, शेंगदाण्याचा कूट टाकला, भागम्मांनी मठातला प्रसादाचा शिरासुद्धा टाकला. त्याने पाणी तेवढं गढूळ झालं. नंदी तळाला पोट टेकून पडून राहायचा. पट्ट्यांचा रंग उतरत चालला होता. "दुःख करायलाय बिचारं," असं येणारा-जाणारा म्हणायचा, आणि भागम्मांना त्या माशाचा हेवा वाटायचा. त्याला निदान नुसतं दुःख होतं.

"राहू दे दोन दिस," त्या म्हणाल्या. "मग बघू."

बाजाराच्या दिवशी त्या एकट्याच निघाल्या. आधी कोथिंबीर घेतली. मग मिरच्या. मग पुन्हा कोथिंबीर घेतली, कारण पाय पुढे जाईनात. बाजाराच्या पार शेवटी, जिथे त्या आजवर कधी गेल्या नव्हत्या, तिथे सुक्या मासळीच्या दोन-तीन पाट्या लागल्या होत्या. त्यांतली कुसुमबाई सगळ्यांत जुनी, एवढं त्या ऐकून होत्या. पदर तोंडावर ओढून त्या पाटीपुढे उभ्या राहिल्या.

कुसुमबाईने वर पाहिलं. कपाळावरची विभूती पाहिली, गळ्यातला लिंगाचा दोरा पाहिला. तिच्या हातातलं माप तसंच राहिलं.

"तुमी आप्पाच्या घरच्या का? दोरवाल्या आप्पाच्या?"

म्हणजे खरंच. ही बाई ओळखते म्हणजे खरंच. त्या तिथेच पोत्याच्या तुकड्यावर बसल्या.

"आक्का, लय वंगाळ झालं," कुसुमबाई म्हणाली. "मला चार दिसांनी कळलं. यावं म्हणलं घरी, पर मी तुमच्या घरी कशी येनार?"

"कधीपासनं?" भागम्मांनी कसंबसं विचारलं. "कधीपासनं खायचे?"

"कोण?"

"हे. आमचे."

मग कुसुमबाईला कळलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "अवो आक्का! आप्पा? आप्पा खातेत का कुटं! नंदीसाठी न्यायचे की हो!"

"नंदी?"

"तुमच्या दुकानातला मासा. त्याला गोळ्या चालंनात म्हणून कुनी तरी सांगितलं जणू झिंगे द्या. तर हे आले माज्याकडं. आले म्हंजी कसे? तिकडं भेळवाल्याकडं तोंड करून हुबे, आन् डबा इकडं माज्याकडं. 'सगळ्यात स्वस्तातली सुकट टाक,' म्हणले, 'मानसासाठी न्हाई.' एक झिंगा बोटावर पडला तर असे उडाले, इचू चावल्यावानी! मी म्हणलं, आप्पा, मेलाय तो, चावत न्हाई."

भागम्मांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की हुंदका, ते त्यांनाही कळलं नाही.

"पुढच्याच बाजारी घाबरेघुबरे होऊन आले. नंदी पोट फुगवून आडवा झालाय म्हणले. इचारलं, कसे दिले? तर तसेच! कोरडेच टाकले, मूठभर! घरात कंदी शिजलेलं न्हाई, त्यान्ला काय ठावं. मी म्हणलं, आवो, आमी सुदीक भिजवून धुवून घेतो, ते पोटात जाऊन फुगनार न्हाई तर काय? तवापासनं भिजवून द्याया लागले. मग तर दर बाजारी नंदीच्याच गोष्टी. आज रुसला, आज उडी मारली. पैल्यांदा चिमट्यानं द्यायचे. मागल्या साली हसत हसत म्हणले, कुसुमबाई, चिमट्यानं घेत न्हाई आता, हातानंच घेतो."

"हातानं?" भागम्मांनी विचारलं. "कोणत्या हातानं?"

असला प्रश्न कुणी विचारील असं कुसुमबाईला वाटलं नसावं. "आता त्ये मला काय दिसतंय? पर हितं डबा धरायचे त्यो उजव्या हातानंच. डावा कायम असा पाठीमागं. मी म्हणायची, आप्पा, दोन्ही हातानं धरा, वाऱ्यानं उडंल समदं. पर डावा हात काय म्होरं येत नव्हता त्येंचा. दुखत होता का हो?"

"न्हाई," भागम्मा म्हणाल्या. "दुखत नव्हता."

टाकीपुढे उभे असलेले आप्पा त्यांना आठवले. उजवा हात पाण्यात, गोळ्याच देत असतील असं त्यांनी धरलेलं, आणि डावा पाठीशी मुडपलेला. किती वेळा पाहिलं होतं, आणि पाठ दुखत असेल असं वाटून कितीदा तेल चोळलं होतं! लिंग ज्या तळहातावर बसतं तो तळहात त्यांनी जपला होता. कुणाला न सांगता जपला होता. भागम्मांच्या छातीवरचं ओझं इतकं एकदम उतरलं की त्या भर बाजारात, सुकटीच्या पाटीपुढे, पदरात तोंड घालून मनसोक्त रडल्या. कुसुमबाईने त्यांना हात लावला नाही, पण पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. भागम्मा तो घटाघट प्यायल्या.

"मला का न्हाई सांगितलं हो यांनी?" डोळे पुसत त्या म्हणाल्या.

"भीत होते तुम्हाला," कुसुमबाई सहज म्हणाली. "म्हणायचे, घरात कळलं तर मासा बी जाईल आन् मी बी."

ते खरंच होतं. नातवाच्या वाढदिवसाला आलेला केक, अंडं असेल या संशयावरून, भागम्मांनी न कापता परत पाठवला होता. त्या दिवशी आप्पा कोपऱ्यात गप्प बसून होते. मला एवढं भ्यायचं काय होतं, असं त्यांना वाटलं, आणि वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याला आता कुठे बोच नव्हती. नवरा आपलाच होता. भित्रा होता, पण आपलाच होता.

निघताना त्यांनी तोंडावरचा पदर मागे टाकला. "त्यांची सुकट किती असायची, तेवढी बांध," त्या म्हणाल्या. ओळखीची एक बाई तिकडून जाताना थबकली, तशी भागम्माच मोठ्याने म्हणाल्या, "नंदीसाठी न्यायलेय. मासा हाय आमचा."

नंदीची टाकी दुकानातून घराच्या ओसरीवर आली. महेश्वरीला सगळं सांगितलं तेव्हा ती हसता हसता खाली बसली. "जंताचं औषध का, आई?" ती म्हणाली. भागम्माही हसल्या. आप्पा गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं.

सांजेला त्यांनी वाटीत झिंगे भिजवले. धुतले. बोटांना तो वास लागला तेव्हा अंगावर काटा आला, पण त्यांनी बोटं मागे घेतली नाहीत. नंदी तळाला पडून होता. भागम्मांनी डावा हात पाठीशी नेला आणि उजव्या हाताच्या चिमटीत एक झिंगा धरून पाण्यात बुडवला. बराच वेळ काही झालं नाही. मग नंदीचा डोळा वळला. तो हळूच वर आला, बोटांपाशी थांबला, आणि एकदम झिंगा ओढून घेतला. पाणी उडून भागम्मांच्या चष्म्यावर पडलं.

"खाल्लं गं महेश्वरी! खाल्लं!"

पोट भरेपर्यंत त्यांनी त्याला भरवलं. मग हात धुतले. पुन्हा धुतले. साबणाने, राखेने, लिंबाने. बोटं नाकाशी नेली तर वास तिथेच. दिवेलागणीची पूजा तर व्हायची होती. हा हात घेऊन पूजेला बसायचं कसं, या विचारात त्या न्हाणीच्या दाराशी उभ्या राहिल्या, आणि उभ्याउभ्याच त्यांना ती दुसरी आंघोळ उमगली. मठात मिरवलेली, बायकांना ऐकवून ऐकवून जुनी झालेली. नंदी आल्यापासून सुरू झालेली. थंडीतली, तापातली, रोजची.

त्यांनी बादली भरली.

न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून, त्या ओसरीवर आल्या तेव्हा शेजारची मनकर्णा दारातून जात होती. ती थांबली. "काकू, आत्ता सांच्याला न्हालात? आप्पावानी तुमी बी दोन बार न्हायला लागलात का काय?"

"हो," भागम्मा म्हणाल्या. "यांचा नेम हाय. मोडायचा न्हाई."

आणि त्या आत जाऊन फोटोसमोर बसल्या. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि आज पहिल्यांदा वर, आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं.