दुपारी सांगते

मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला आहे. दिवसाला तीनशे चादरी मशीनमध्ये घालते आणि बाहेर काढते, म्हणून आमच्या गटातली पोरं मला चादरवाली म्हणतात. गट म्हणजे आम्ही सातजण. सगळे डोंगरावरचे, सगळे तिशीच्या आतले, पोटापाण्याचं काम करून उरलेल्या वेळात हे करणारे. आमचं माणूस आजारी पडून या हॉस्पिटलात आलं की त्याच्याजवळ बसायचं आणि त्याच्याशी आमच्या भाषेत बोलायचं, एवढंच काम. बाहेरचे लोक त्याला 'सांस्कृतिक आधार' म्हणतात. म्हणोत बापडे.

सुरुवात माझ्यामुळेच झाली. तीन वर्षांपूर्वी चादरी गोळा करायला वॉर्डात गेले, तर एक म्हातारा पाणी मागत होता, आमच्या भाषेत. सिस्टरला वाटलं, तापात बरळतोय. मी ट्रॉली सोडून त्याला पाणी पाजलं. तासाभरात तो गेला. दोन दिवसांनी डोंगरावरून त्याची बायको आली आणि तिनं पहिलंच विचारलं, "शेवटी काय बोलले?" मी म्हटलं, पाणी मागितलं. "दिलंस?" दिलं, म्हटलं. मग ती रडली.

तेव्हापासून आम्ही वही ठेवतो. जो जवळ बसेल त्यानं माणसाचा शब्दन् शब्द लिहायचा आणि घरचे आले की वाचून दाखवायचा. फोनवर रेकॉर्ड करायचं नाही, हा नियम माझा. एकानं आपल्या मरणाऱ्या चुलत्याचा व्हिडिओ गावभर पाठवला होता. तेव्हा मी असा काही तमाशा केला की त्यानंतर वॉर्डात शिरताना सगळे मुकाट्यानं फोन बंद करून पिशवीत टाकायला लागले. मला माझ्या नियमांचं फार कौतुक होतं.

मोठी आत्या आमच्यापैकी कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण डोंगरावर सगळे तिला तेच म्हणायचे. आम्हा पोरांची भाषा ऐकून ती नाक मुरडायची. "शाळेत उकडलेली भाषा," म्हणायची. तिची फुप्फुसं संपली होती, डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. एकुलता एक मुलगा लांब कुठेतरी बोगदे खणायच्या कामावर. अकरा वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा तो वेळेवर आला नाही, आणि आला तेव्हा आत्यानं दार उघडलं नाही. त्यानंतर दोघांत शब्द नव्हता. मीच त्याला फोन करून कळवलं. तो लगेच निघाला, पण पोचायला दोन दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला धाप लागली. मी तिला उशीला टेकवून बसवलं, तर तिनं माझं मनगट धरलं.

"पोचला का तो?"

"उद्या सकाळी येईल, आत्या."

"उद्या." ती छताकडे बघत राहिली. "मी नसले तर त्याला एक सांगायचंय. लिहून घे."

मी वही उघडली.

"आत्ता नाही गं, दम पुरत नाही. दुपारी सांगते. असशील ना?"

"मी कुठे जातेय!" मी म्हटलं.

बारा वाजता मी गेले.

कारण होतं. तसं कारण प्रत्येक गोष्टीला असतंच. भेटीच्या वेळेनंतर आम्हाला वॉर्डात बसू द्यायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. अधीक्षक नवीन होते आणि त्यांच्याबरोबर कुठल्याशा समितीचे चार पाहुणे येणार होते. त्यांना 'आदिवासी तरुणांचा उपक्रम' बघायचा होता आणि तुमच्या भाषेत एखादं स्वागतगीत ऐकवा, असा निरोप होता. आमच्यात भाषा अस्खलित येणारे दोघंच, मी आणि मास्तर. मास्तर टायरच्या दुकानात पंक्चर काढतो आणि रविवारी लहान मुलांना भाषा शिकवतो. बाकीच्यांना कामापुरती येते. त्यांतल्या दोघांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती, आणि आणखी दोघांना मी गाण्यात मागे उभं राहायला घेतलं. दोघांचंच गाणं अगदीच उघडं पडलं असतं.

उरली नवी. गटात येऊन तिला महिनाही झाला नव्हता. ती वसतिगृहात वाढलेली. पोरीला पुढे त्रास नको म्हणून आईबाप तिच्याशी आमच्या भाषेत कधी बोललेच नाहीत. ती आमच्याकडे आली ती भाषा शिकायलाच.

"तू नुसती बस," मी तिला सांगितलं. "हात धर. मी तासाभरात आलेच."

"आणि त्या बोलल्या तर?"

"झोपेतच असेल ती."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, कुणास ठाऊक.

पाहुणे दीड तास उशिरा आले. आम्ही गायलो. चौघांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या एकीनं डोळेही पुसले. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मग त्यांनी अर्थ विचारला, मग दुसरं गाणं सांगितलं, मग चहा आला. मास्तर कानाशी येऊन म्हणाला, "तू जा वर, मी बघतो." मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. अधीक्षक माझ्या कामाची तारीफ करत होते आणि खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायचं होतं. परवानगी मिळाली. मी जिने चढत वर पळाले तेव्हा सव्वाचार झाले होते.

पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. नवी बाहेर उभी होती.

"ताई, त्या खूप बोलल्या."

"किती?"

"अर्धा तास तरी. मला काहीच..." तिनं वही पुढे केली. पान कोरं होतं.

"मला बोलवायचं ना! फोन करायचा!"

"तुमचा बंद असणार, माझाही पिशवीत. आणि त्या हात सोडत नव्हत्या."

मी तिला नाही नाही ते बोलले. जे स्वतःला सुनवायचं होतं ते सगळं त्या पोरीच्या अंगावर ओतलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. कुणाचं असं बोलणं ऐकून घ्यायची तिला सवय असावी.

मुलगा सकाळी आठला आला. दांडगा माणूस, नखांत दगडाची भुकटी बसलेली. आईला बघून आला आणि शवागाराबाहेरच्या बाकावर बसला. वहीचं त्याला डोंगरावरच्या कुणीतरी सांगितलं होतं.

"वाच," तो म्हणाला.

मी रात्रभर जागून ठरवलं होतं, खरं सांगायचं. त्याच्याकडे बघितलं आणि अवसान गळालं. मी वही उघडली, माझ्याकडे वळवून धरली आणि वाचायला लागले. "लेकरा, माझा राग गेला. दार उघडलं नाही, ते माझं चुकलं. नीट राहा. जेवत जा."

तो डोळे मिटून ऐकत होता. त्याचे ओठ हलत होते.

"अजून एकदा वाच, दादाला पाठ करू दे," तो स्वतःलाच दादा म्हणाला. आई लहानपणी तसं म्हणत असावी.

मी पुन्हा वाचलं. "लेकरा, माझा तुझ्यावर राग नव्हताच कधी. दार..."

त्यानं डोळे उघडले.

"आधी 'गेला' म्हणालीस."

त्यानं हात पुढे केला आणि मी वही दिली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पानावर काहीच नाही, एवढं त्यालाही दिसलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वही मिटून बाकावर ठेवली.

"जवळ कोण होतं?"

नवी भिंतीशी उभी होती. मी बोलावलं नव्हतं, तीच आली होती. तो तिच्याकडे वळून आमच्या भाषेत बोलला. तिला कळलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली.

"विचारतोय," मी म्हटलं, "आई रागात बोलत होती का?"

"नाही," नवी म्हणाली. "आधी बराच वेळ सांगत होत्या काहीतरी. मग विचारायला लागल्या, आवाजावरून कळत होतं. एकच, पुन्हा पुन्हा. मला आपल्या भाषेतलं 'हो' तेवढं येतं, ताई. म्हणून मी दर वेळी हो म्हटलं. पाच-सहा वेळा. मग त्या थांबल्या. हात सैल झाला."

मी ते त्याला सांगितलं. तो कितीतरी वेळ तिच्या हाताकडे बघत होता.

"कुठल्या गोष्टीला हो म्हणालीस?" त्यानं विचारलं. मी तेही तिला सांगितलं.

"मला माहीत नाही," नवी म्हणाली आणि रडायला लागली.

मी ते आमच्या भाषेत त्याच्यापुढे ठेवलं. तिला माहीत नाही. त्या सकाळी मी स्वतःहून त्याला एकही खरी गोष्ट सांगितली नव्हती, आणि ही खरी होती तर तिचा त्याला काही उपयोग नव्हता.