गुडघ्याइतका वारा

पाथरवटाने पहार आडवी ठेवली आणि उकिडवं बसून दगडाच्या पायथ्यावरून तळहात फिरवला. तळहात खरचटला. बाई डोक्याचा रुमाल घट्ट धरून वाऱ्याकडे पाठ करून उभी होती.

"दगडावरची रेघ म्हणाला होतात," ती म्हणाली. "अकरा वर्षंसुद्धा टिकली नाही."

पाथरवटाने तळहाताला लागलेली भुकटी झटकली. दगड मऊ होता हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी त्याचं मनगट दुखत होतं आणि कडक दगड कोरायचं अगदी जिवावर आलं होतं. म्हणून "यात अक्षरं खोल जातात, ताई" असं सांगून त्याने हा पिवळट दगड तिच्या गळ्यात मारला होता. आता ती दगड इथून हलवायला निघाली, तर उपटून द्यायचं आणि नाव पुन्हा कोरायचं काम त्याने फुकट अंगावर घेतलं होतं, ते उगीच नव्हे.

रस्ता इथे टेकडीला वळसा घालायचा. पलीकडे नुसता उघडा माळ. तिकडून वारा वाळू आणायचा आणि या वळणावर पसरून ठेवायचा. तसल्याच वाळूवरून मोटरसायकल घसरून बाईचा मुलगा इथे दगावला होता; हा दगड त्याच्या नावाचा. एकोणीस वर्षांचा होता. वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी ट्यूब आणायला गेला होता. वडिलांनीच पाठवलं होतं.

"भाऊ टेम्पो घेऊन येतोय," बाई म्हणाली. "माझी ट्रंक आणि हा दगड. बाकी त्या घरातलं मला काही नको. आता त्याच्याकडेच राहणार."

"आणि मिस्त्री?" त्याने तिच्या नवऱ्याचं विचारलं.

"मिस्त्री बसतील पंक्चर काढत. एवढा ताडमाड माणूस, पण अकरा वर्षांत पोराचं नाव तोंडातून काढलं नाही त्यांनी. मी विषय काढला की पाना उचलून दुकानात. या रस्त्याला तर फिरकतसुद्धा नाहीत. दगडालाही पाझर फुटतो हो." तिने रुमालाची गाठ आवळली. "एकटीनं किती रडायचं? दमले मी."

पाथरवटाला जे येत होतं तेच तो बोलला.

"वाऱ्याचं काय आहे ताई, तो स्वतः काही करत नाही. वाळूकडून करवून घेतो. आणि वाळू जड. गुडघ्याच्या वर तिची उडी जात नाही. तो टेकडीवरचा खडक बघा, वर हे एवढं डोकं आणि खाली मान बारीक. वारा नेहमी पायथा खातो."

"मग नाव कसं गेलं? ते तर वर आहे."

वर होतं खरं. शेळ्या अंग घासतात म्हणून बाईनेच उंच दगड बुटक्या चौथऱ्यावर रोवून नाव अगदी वर कोरायला लावलं होतं. हात उंच केला तरी तिची बोटं नावाला टेकत नसत. वर्षातून दोनदा ती यायची आणि खालूनच बघायची. खालून ते काळपट, पुसट दिसायचं. धूळ बसली असणार, असं तिला वाटायचं.

पाथरवट उठला. टाचा उचलून त्याने अक्षरांवर बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. पायथा किसणीसारखा झाला होता आणि इथे मात्र दगड नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, त्याची छिन्नी ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने काहीतरी शेकडो वेळा गेलं होतं. खाचेतलं काळं त्याने नखाने खरवडलं. धूळ नव्हती. चिकट होतं.

दगडच मऊ निघाला, एवढं म्हणून त्याला मोकळं होता आलं असतं. मग त्याने हत्यारांची पेटी चौथऱ्याला टेकवून ठेवली.

"ताई, यावर चढा. हे वाऱ्याचं काम नाही. वारा खरखरीत करतो."

बाई त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चढली. तिने पहिल्या अक्षरात बोट घातलं. बोटाच्या टोकाला काळं लागलं. ते पुसायला तिने रुमाल ओढला, मध्येच थांबली आणि बोट नाकाशी नेलं.

सायकलच्या चेनचं वंगण. बत्तीस वर्षं ती हा वास शर्टांच्या बाह्यांतून घासून काढत आली होती आणि तो कधी पुरता निघाला नव्हता.

"दर गुरुवारी माल आणायला जातात," ती हळूच म्हणाली. "आणि रिकाम्या हातानं येतात. मी किती टोमणे मारले त्यावरून." तिने शेवटच्या अक्षरापर्यंत बोट नेलं. "सांगायचं तरी."

ती बराच वेळ पेटीवरून उतरली नाही. पाथरवट दुसरीकडे बघत राहिला. एका घरात राहून दोन माणसं अकरा वर्षं वेगवेगळी रडली होती.

टेम्पो आला. भावाने काचेतून डोकं बाहेर काढलं.

"अक्का, अजून उपटला नाही?"

"थांब जरा," ती म्हणाली आणि खाली उतरली. मग पाथरवटाला म्हणाली, "त्या नावाला हात लावू नका. खाली आणखी एकदा कोरता येईल? माझा हात पोचेल असं."

पाथरवटाने दगडावर वीत लावून पाहिली. "येईल. गुडघ्यापासून बराच वर राहील. पण दगड इथेच ठेवायचा तर एक सांगतो. पायथा बारीक होत चाललाय. दहा-बारा वर्षं काढेल, मग आडवा होईल."

बाईने बोट अजून पुसलं नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली. "आमचीही तेवढीच राहिली असतील."

ती टेम्पोत ट्रंकेशेजारी जाऊन बसली. भावाने गाडी चालू केली आणि कुठे जायचं म्हणून मागे वळून पाहिलं.

"दुकानावर सोड मला," ती म्हणाली.